चोवीस वर्षं काय पत्ते कुटत होतात? (खोल समुद्रातल्या तेलक्षेत्राचा आराखडा)

खारा वारा | शनि, १३/०१/२०२४ – २२:१०

गेल्या रविवारी, ७ जानेवारीला, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ९८/२ ब्लॉकमधून (ब्लॉक म्हणजे तेल शोधायला सरकारनं नेमून दिलेला समुद्राचा तुकडा) ओएनजीसीचं पहिलं तेल वर आलं. काकिनाड्यापासून समुद्रात साधारण ३५ किलोमीटरवर. बातमी झळकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागावहून मामाचा फोन. "काय रे, तुमचं तेल आलं म्हणे. ब्लॉक दिला २००० साली, तेल येतंय २०२४ ला. चोवीस वर्षं काय पत्ते कुटत होतात?"

मी त्या प्रकल्पावर कधीच नव्हतो. पण धंदा तोच. समुद्रतळावरची यंत्रणा आखणाऱ्या टोळ्यांमध्ये माझी सतरा वर्षं गेली. फोनवर मामाला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. निदान त्याला लिंक तरी पाठवता येईल.

आपल्याकडे समुद्रातलं तेल म्हटलं की मुंबई हाय. १९७४ ला सागर सम्राट या विहीर खणणाऱ्या जहाजानं शोधलं, १९७६ ला तेल वाहायला लागलं. दोन वर्षांत! पण तिथे पाणी किती, तर ७५-८० मीटर. लोखंडी पाय तळावर रोवायचे, वर प्लॅटफॉर्म बसवायचा, झडप बिघडली तर माणूस पाना घेऊन चालत जातो. मेक्सिकोच्या आखातात १९८८ ला असेच पाय ४१२ मीटर पाण्यात उभे केले, त्या प्लॅटफॉर्मचं नाव बुलविंकल. त्याच्या पलीकडे लोखंडाचा खर्चच झेपत नाही. आपल्या सरकारी करारांतही ४०० मीटरपुढे 'खोल पाणी' धरतात. तिथे विहिरीचं तोंड समुद्रतळावर, मिट्ट काळोखात. हजार मीटरवर दाब वरच्या हवेच्या शंभरपट, पाणी चार-पाच अंशांचं. माणूस तिथे जात नाही. जातो तो आरओव्ही, म्हणजे केबलच्या टोकाला बांधलेला यंत्रमानव. आणि तो एक पाना फिरवायला खाली सोडायचा तर वर अख्खी बोट भाड्यानं घ्यावी लागते.

आता 'सापडलं' म्हणजे काय, ते बघू. पूर्व किनाऱ्याला जे तेल-वायू मिळतं ते वाळूच्या थरांत. ही वाळू कोणाची? गोदावरीची आणि कृष्णेची. त्र्यंबकेश्वर आणि महाबळेश्वरकडून निघालेल्या नद्यांनी लाखो वर्षं वाहून नेलेला गाळ समुद्रात पडला, उतारावरून घसरत खोल पाण्यात गेला, आणि तिथे नागमोडी ओढ्यांसारखा पसरला. वरून पुन्हा चिखल. म्हणजे तुम्ही समुद्राखाली, मातीच्या दोन-तीन किलोमीटर खाली, एक मेलेला ओढा शोधताय. ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणातून त्याचा अंधूक आकार दिसतो. एक विहीर खणली, वाळू लागली, वाळूत तेल लागलं. झालं 'सापडलं'. पण ओढ्याला पुढे वळण आहे का? मध्ये चिखलाचा बांध आहे का? दोन्ही बाजूंचं तेल एकमेकांना जोडलेलं आहे का? एका विहिरीवरून यातलं काही सांगता येत नाही.

आमच्या गावात पाणाड्या हातावर नारळ घेऊन फिरायचा. नारळ उभा राहिला की खण. मामाच्या वाडीत तो उभा राहिला होता, आणि बोअर कोरडी गेली. आमचा नारळ फार महाग आहे, त्याला संगणक जोडलेला आहे, पण मूळ प्रश्न तोच: खणल्याशिवाय कळत नाही. आणि खोल पाण्यातलं खणणारं जहाज आजच्या बाजारात दिवसाला चार-पाच लाख डॉलर घेतं. एका विहिरीला दोन-तीन महिने सहज. म्हणून पडताळणीच्या विहिरी किती खणायच्या, यावर प्रत्येक कंपनीत भांडणं होतात. भूवैज्ञानिक म्हणतो आणखी दोन, हिशोबवाला म्हणतो एकही नको.

मग येतो आराखडा, एफडीपी (फील्ड डेव्हलपमेंट प्लॅन). विहिरी किती आणि कुठे, तेल कुठे न्यायचं, कशातून न्यायचं, किती वर्षं, किती पैसे. ९८/२ च्या क्लस्टर-२ चा (क्लस्टर म्हणजे एकत्र बांधलेल्या शोधांचा गट) आराखडा मार्च २०१६ ला मंजूर झाला. सुमारे ३४ हजार कोटी रुपये, ३४ विहिरी: १५ तेलाच्या, ८ वायूच्या, ११ पाणी आत दाबायच्या. (हो, पाणी आत दाबायचं. तेल निघालं की थरातला दाब पडतो, तो टिकवायला.) तेल २०२० पर्यंत अपेक्षित होतं.

वर काय ठेवायचं, यात ९८/२ ला एफपीएसओ निवडलं. एफपीएसओ म्हणजे तेल घेणारं, त्यातलं पाणी-वायू वेगळं करणारं, पोटात साठवणारं आणि दुसऱ्या टँकरला देणारं एक नांगरलेलं जहाज. किनाऱ्यापर्यंत तेलाची पाइपलाइन लागत नाही. क्षेत्र आटलं की नांगर उचलून जातं. भाड्यानंही मिळतं. तोटा असा की विहिरी सगळ्या तळावर आणि जहाज वर, त्यामुळे विहिरीत काही बिघडलं की पुन्हा ते दिवसाला चार-पाच लाख डॉलरचं खणणारं जहाज बोलवा.

माझ्या लेखी सगळ्यात चुकणारी गोष्ट मात्र वेगळी आहे: वाहणं. डिसेंबरात सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर काय होतं? तसंच. थरातून निघताना तेल गरम असतं. तळावरच्या नळीत आलं की भोवती थंड पाणी. त्यात मेण असेल तर ते नळीच्या कडेला साचायला लागतं. ९८/२ चं तेल मेणाचं आहे. म्हणून तिथे नळीच्या आत नळी घातली, थर्मासच्या दुहेरी भिंतीसारखी. भारतात हे पहिल्यांदाच झालं. वायूच्या नळीचं दुखणं निराळं: थंडी आणि दाब यांत वायू आणि पाणी मिळून बर्फासारखा पदार्थ होतो, हायड्रेट. शून्याच्या वरही होतो. एकदा बूच बसलं की आठवडे जातात. जहाज अचानक बंद पडलं तर नळीतलं तेल गार होण्याआधी आपल्याकडे किती तास आहेत, हा आकडा मी कुठल्याही आराखड्यात आधी शोधतो. तो नसेल तर पुढचं वाचत नाही.

आणि वेळ. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर वादळं, जूनपासून नैर्ऋत्य मोसमी. मोठी जोडणी करायला साधारण जानेवारी ते मे एवढीच फट. एक पुरवठादार दोन महिने उशीर करतो आणि तुमचं वर्ष जातं. त्यात २०२० ला कोविड आला. मामा, पत्ते नव्हतो कुटत.

विचारा काय ते.

जुई | शनि, १३/०१/२०२४ – २३:०२

मेलेला ओढा! त्र्यंबकेश्वरची वाळू काकिनाड्याला तेल धरून बसलीय हे वाचून अंगावर काटा आला. पण मग एका विहिरीवरून ३४ हा आकडा येतो कुठून?

तात्या ठाणेकर | रवि, १४/०१/२०२४ – ०८:१५

लेख छान, पण मामाचा प्रश्न उडवून लावलात. २००० ते २०१६ या सोळा वर्षांत ना वादळं आडवी आली ना मेण. तेव्हा फायली फिरत होत्या. खरं बोला.

खारा वारा | रवि, १४/०१/२०२४ – ०९:४०

@तात्या, अर्धं मान्य. ब्लॉक आधी केर्न एनर्जीकडे होता, २००५ ला ओएनजीसी आली. शोध लागत गेले, पण ते विखुरलेले. एका ठिकाणी वायू, दुसरीकडे तेल, तिसरं ठिकाण जवळजवळ तीन हजार मीटर पाण्यात. एकेकटं कुठलंच परवडत नाही. कोणते एकत्र बांधायचे, म्हणजे कुठला 'क्लस्टर' करायचा, यातच वर्षं गेली. शिवाय तेव्हा वायूचा सरकारी भाव असा होता की खोल पाण्यातला वायू काढणं म्हणजे पदरमोड. २०१६ ला सरकारनं अवघड क्षेत्रांना वेगळी, वरची कमाल किंमत दिली. आराखडा मंजूर झाला तोही त्याच वर्षी, त्याच महिन्यात. आणि हो, फायलीही फिरल्या.

@जुई, एका विहिरीवरून नाही, बऱ्याच. पण उत्तर असं: कोणी 'एक' आकडा देत नाही. तीन देतात. नव्वद टक्के खात्री असलेला छोटा, पन्नास टक्क्यांचा मधला, दहा टक्क्यांचा मोठा. पी९०, पी५०, पी१०. खेळ असा की पी५० वर यंत्रणा बांधायची, पण पी९० निघाला तरी दिवाळं वाजू नये, आणि पी१० निघाला तर वाढवायला जागा असावी. म्हणायला सोपं.

उरणकर | रवि, १४/०१/२०२४ – ११:२०

एकतीस वर्षं मुंबई हायला काढली, आता उरणला निवृत्त. लेखकाला शाबासकी. फक्त 'माणूस पाना घेऊन चालत जातो' हे इतकं सोपं नसतं हो. पावसाळ्यात दोन प्लॅटफॉर्म जोडणाऱ्या पुलावरून चालताना एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात जीव असतो. २००५ ची २७ जुलै मी विसरलेलो नाही. आदल्या दिवशी मुंबई बुडाली होती, आणि त्या दिवशी एक मदतीची बोट प्लॅटफॉर्मच्या नळ्यांवर आदळली आणि बीएचएन (बॉम्बे हाय नॉर्थ) हा प्लॅटफॉर्म पेटला. २२ माणसं गेली. बोट शेजारी येणार हे माहीत असताना वायूच्या नळ्या बाहेरच्या अंगाला का, हा आराखड्याचाच प्रश्न होता.

आराखडे करणाऱ्या पोरांना माझं एकच सांगणं असायचं. कागदावर झडप काढलीस, तिथपर्यंत हात पोचतो का ते सांग. एकदा तर झडप अशा जागी होती की ती फिरवायला एकाला दुसऱ्याच्या खांद्यावर बसवलं. कोणी आखली होती ते सांगत नाही, जिवंत आहे अजून.

मीनल_के | रवि, १४/०१/२०२४ – १२:०५

अवांतर: काका, ते हेलिकॉप्टर पाण्यात उलटं करायचं प्रशिक्षण खरंच असतं का? भाऊ सांगतो, आम्हाला थाप वाटायची.

उरणकर | रवि, १४/०१/२०२४ – १२:३०

थाप नाही ताई. गोव्यात बेतुलला ओएनजीसीची सुरक्षेची संस्था आहे, तिथे. खोटी केबिन पाण्यात सोडतात, उलटी करतात, पट्टा सोडून खिडकीतून बाहेर यायचं. पहिल्या वेळी नाकात इतकं पाणी गेलं की संध्याकाळची फिश करी पानात तशीच राहिली. भावाला नमस्कार सांगा.

साधा हिशोबनीस | रवि, १४/०१/२०२४ – १७:४८

मी सीए. मला वाळू कळत नाही, आकडे कळतात. पेपरात वाचलं की कमाल उत्पादन दिवसाला ४५ हजार बॅरल अपेक्षित आहे. ७५ डॉलर भाव धरला तर दिवसाला जवळजवळ ३४ लाख डॉलरचं तेल. चार वर्षं उशीर झाला. तेल कुठे पळून जात नाही हे मान्य, पण दहा टक्क्यांनी सूट धरली तर चार वर्षांनी मिळणारा रुपया आजचे ६८ पैसे. म्हणजे जवळपास एक तृतीयांश किंमत उशिरानंच खाल्ली. एवढा पैसा उशिरात जातो, तर पडताळणीच्या विहिरींवर वेळ घालवायचाच कशाला? घाई का नको?

खारा वारा | रवि, १४/०१/२०२४ – २१:१५

हिशोबनीस, हाच प्रश्न, आणि याचं उत्तर ९८/२ च्या शेजारीच पडलंय.

शेजारचा ब्लॉक म्हणजे रिलायन्सचा डी६. डी१ आणि डी३ हे वायूचे शोध २००२ चे. २००४ चा पहिला आराखडा दिवसाला ४० दशलक्ष घनमीटरचा आणि सुमारे २.४ अब्ज डॉलरचा. २००६ ला तो सुधारून ८० दशलक्षचा आणि ८.८ अब्जांचा झाला. एप्रिल २००९ ला वायू सुरू. शोधापासून सात वर्षांत, खोल पाण्यात, भारतात. त्या वेळी आम्ही सगळे तोंडात बोट घालून बघत होतो, आणि अभियांत्रिकी म्हणून मी आजही टोपी काढतो. मार्च २०१० मध्ये ब्लॉकचं उत्पादन ६९ च्या आसपास गेलं, आणि तिथून उतरणीला लागलं. विहिरींत पाणी आणि वाळू यायला लागली. काढता येण्याजोग्या साठ्याचा अंदाज सुमारे १० लाख कोटी घनफुटांवरून ३ लाख कोटींच्या जवळ आला. फेब्रुवारी २०२० ला डी१-डी३ बंद. कंपनी म्हणाली भूगर्भानं दगा दिला, सरकार म्हणालं ठरलेल्या विहिरी खणल्या नाहीत, कॅगनं २०११ ला खर्चावर ताशेरे ओढले, वाद लवादात गेला. कोण बरोबर यात मी पडत नाही. मला दिसतं ते एवढंच की नळ्या, किनाऱ्यावरचा कारखाना, सगळं ८० साठी आधीच बांधून झालं होतं, आणि ओढा किती लांब आहे हे नंतर कळलं.

जमेची बाजूही सांगतो. त्याच यंत्रणेला पुढे आर-क्लस्टर (डिसेंबर २०२०), सॅटेलाइट क्लस्टर (२०२१) आणि गेल्या वर्षी एमजे ही क्षेत्रं जोडली. रिकाम्या पडलेल्या नळ्या पुन्हा कामाला आल्या.

आता दुसरं टोक: गयाना. एक्सॉननं लिझा क्षेत्र मे २०१५ ला शोधलं. किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटर, पाणी दीड किलोमीटरच्या पुढे. जून २०१७ ला गुंतवणुकीचा निर्णय, डिसेंबर २०१९ ला तेल. पाच वर्षंही नाहीत! पण बघा कसं: पहिल्या टप्प्यात फक्त १७ विहिरी आणि दिवसाला १ लाख २० हजार बॅरलचं एकच एफपीएसओ, लिझा डेस्टिनी. तेसुद्धा जुना टँकर बदलून केलेलं. ते चालत असताना थराचा दाब कसा पडतो, पाणी कुठून येतं, हे मोजत राहिले. तोवर दुसरं जहाज २ लाख २० हजारांचं, २०२२ ला. तिसरं, पायारा क्षेत्रासाठी, गेल्या नोव्हेंबरात. प्रत्येक टप्प्यानं पुढच्याला शिकवलं आणि पैसेही पुरवले.

म्हणजे घाई करायला माझी ना नाही. घाई छोट्या गोष्टीची करावी.

साधा हिशोबनीस | रवि, १४/०१/२०२४ – २२:०३

गयानाचा करार मात्र मी वाचलाय. रॉयल्टी २ टक्के, दर महिन्याच्या उत्पादनातलं ७५ टक्क्यांपर्यंत खर्चवसुलीला, उरलेलं निम्मं-निम्मं. म्हणजे सुरुवातीला देशाच्या हातात १४-१५ टक्के. असा करार मिळाला तर मीही पाच वर्षांत तेल काढून दाखवीन.

खारा वारा | रवि, १४/०१/२०२४ – २२:१९

हाहा. हा ठोसा बसला. लिझाचा वाळूचा थर आपल्यापेक्षा पुष्कळ उदार आहे हेही लिहायला हवं होतं. तुलना पूर्ण प्रामाणिक नाही. पण टप्प्यांचा मुद्दा मी सोडत नाही.

ह्यूस्टनची पाहुणी | सोम, १५/०१/२०२४ – ०६:३२

वाचतेय, फार आवडलं. इकडे या धंद्यातल्या लोकांच्या जेवणात एक गोष्ट हमखास निघते, ती इथे हवीच: थंडर हॉर्स. मेक्सिकोच्या आखातात बीपीचा अवाढव्य तरंगता प्लॅटफॉर्म, सुमारे १,८५० मीटर पाण्यात. जुलै २००५ ला डेनिस वादळ आलं म्हणून सगळ्यांना उतरवलं. परत जाऊन बघतात तर महाकाय पिवळा प्लॅटफॉर्म एका कुशीवर कललेला, वीसेक अंश! वादळानं भोक पाडलं नव्हतं. तोल सांभाळणाऱ्या टाक्यांच्या यंत्रणेतच चूक होती, पाणी नको त्या टाकीत जात राहिलं. तो सरळ केला. पुढच्या वर्षी तळावरच्या यंत्रणेची चाचणी घेताना जोडाला तडे. सगळं वर काढून पुन्हा बनवलं. २००५ ला येणारं तेल २००८ ला आलं.

माझा नवरा म्हणतो, सगळी भीती थराची होती, आणि घात केला नळजोडणीनं.

उरणकर | सोम, १५/०१/२०२४ – ०७:१०

तुमच्या नवऱ्याला माझ्याकडून एक कटिंग.

वाव | सोम, १५/०१/२०२४ – १०:५५

माझं माहेर वर्सोव्याचं, कोळीवाड्यातलं. सगळं वाचलं. तुमच्या नकाशात मासे कुठेच दिसले नाहीत. प्लॅटफॉर्मभोवती पाचशे मीटर बंदी, नळी टाकताना आणखी बंदी. जाळं कुठे टाकायचं ते आराखड्यात लिहितात का?

खारा वारा | सोम, १५/०१/२०२४ – १३:२०

@वाव ताई, तुम्ही पकडलंत. पर्यावरण-परवानगीच्या अहवालात मासेमारीवर एक प्रकरण असतं. ते बहुतेक वेळा सल्लागार लिहितो, आणि आमच्या टोळीतलं कोणी ते उघडत नाही. मीही बरीच वर्षं उघडलं नव्हतं. ९८/२ च्या नळ्या किनाऱ्याकडे आल्या त्या काळात काकिनाडा-कोनसीमा भागातल्या मच्छीमारांची मासेमारी थांबली, त्यांना भरपाई द्यावी लागली. नळीचा मार्ग आखताना खडक, दरड, जुनी केबल हे सगळं नकाशावर चढतं. जाळी ओढणाऱ्या बोटींचे मार्ग चढवायला काही अवघड नाही. कोणी विचारत नाही म्हणून राहतं.

तात्या ठाणेकर | सोम, १५/०१/२०२४ – १३:४१

+१. आणि मेहुणा म्हणतो दहा वर्षांत सगळ्या गाड्या विजेच्या होणार, मग कशाला हा खटाटोप?

साधा हिशोबनीस | सोम, १५/०१/२०२४ – १४:०६

तात्या, देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. मेहुण्याची गाडी विजेची झाली तरी त्याचं डांबर, त्याची प्लास्टिकची बादली आणि त्याचं विमान उरतंच. खरा प्रश्न तेल किती वर्षं पुरेल हा नसून पैसे किती वर्षांत सुटतील हा आहे. आज वीस वर्षांनी फेडणारा प्रकल्प कोणी मांडला तर मी सही करणार नाही. पाच-सहा वर्षांत मुद्दल सुटत असेल तर बोला.

जुई | सोम, १५/०१/२०२४ – १९:२७

खारा वारा, मघाशी लिहिलंत की पी१० निघाला तर वाढवायला जागा असावी. म्हणजे प्रत्यक्षात काय ठेवतात?

खारा वारा | सोम, १५/०१/२०२४ – २२:४४

हे लिहायचं टाळत होतो, कारण यात माझी स्वतःची चूक आहे. कंपनी, देश, क्षेत्र, काही सांगत नाही.

तळावर बऱ्याच विहिरींचं तेल एका ठिकाणी गोळा करणारा एक लोखंडी सांगाडा असतो, मॅनिफोल्ड. घरातल्या विजेच्या एक्स्टेंशन बोर्डासारखा. आमच्या आराखड्यात त्याला सहा खाचा होत्या: चार विहिरींसाठी, दोन मोकळ्या. खर्च कमी करायची बैठक आली. प्रत्येकानं आपापल्या यादीतून काहीतरी कापायचं. मी तरुण होतो, साहेबांसमोर चमकायचं होतं. मी त्या दोन मोकळ्या खाचा कापल्या. सांगाडा हलका झाला, लहान बोटीनं बसवता येणार म्हणून तिकडेही बचत. टाळ्या मिळाल्या. खरंच टाळ्या.

तीन वर्षांनी शेजारी आणखी एक चांगला वाळूचा थर लागला. दोन विहिरी. जोडायच्या कुठे? बोर्डात प्लगच नाही. नवा सांगाडा, नवी नळी, नवी केबल, पुन्हा वादळांच्या मधली फट शोधणं. कापलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले, आणि तेल दोन हंगाम खाली पडून राहिलं. तोवर मी दुसऱ्या टोळीत गेलो होतो, म्हणून कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून जुई, मोकळ्या खाचा ठेवतात. नळी गरजेपेक्षा थोडी मोठी घेतात. जहाजावर नंतर येणाऱ्या यंत्रासाठी मोकळी फरशी आणि त्याचं वजन आधीच हिशोबात धरतात. अंबिलिकल, म्हणजे जहाजापासून तळापर्यंत वीज, तेलदाब आणि रसायनं नेणारी जाडजूड दोरी, तिच्यात दोन नळ्या जास्तीच्या. बैठकीत हे सगळं 'अनावश्यक' या रकान्यात असतं.

उरणकर | मंगळ, १६/०१/२०२४ – ०७:०२

झडप कोणी आखली ते मी सांगितलं नाही, तुम्ही मात्र स्वतःचं नाव सांगितलंत. पुढल्या वेळी उरणला या, पोपटी लावू. जानेवारी आहे, वाल आलेत.

साधा हिशोबनीस | मंगळ, १६/०१/२०२४ – ११:३८

शेवटचा प्रश्न. क्षेत्र आटल्यावर हे लोखंड कोण उचलतं? ताळेबंदात ते कुठे दिसतं?

खारा वारा | मंगळ, १६/०१/२०२४ – २०:५०

ते पहिल्या आराखड्यातच लिहावं लागतं. विहिरी सिमेंटचे बूच मारून कायमच्या बंद करायच्या, नळ्या धुऊन काढायच्या, सांगाडे उचलायचे किंवा परवानगीनं तिथेच ठेवायचे. त्यासाठी उत्पादन चालू असतानाच वेगळा निधी बाजूला टाकतात. डी६ मधलंच एमए क्षेत्र सप्टेंबर २००८ ला सुरू झालं, खोल पाण्यातलं भारताचं पहिलं तेल. सप्टेंबर २०१८ ला बंद. दहा वर्षं. जहाज नांगर सोडून निघून गेलं. विहिरी मात्र तळावरच राहतात, आणि त्या नीट बंद करायला पुन्हा तेच महागडं खणणारं जहाज.

९८/२ मध्ये मंत्र्यांनी पहिल्या तेलाच्या वेळी सांगितलं की २६ विहिरींपैकी ४ चालू झाल्यात. २०१६ च्या कागदावर ३४ होत्या. मधल्या आठ वर्षांत ओढ्याबद्दल काय काय कळलं, ते या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

मी गुरुवारी चार आठवड्यांसाठी बोटीवर जातोय. नेट रडतखडत चालतं, उत्तरं उशिरा येतील.

जुई | मंगळ, १६/०१/२०२४ – २१:१२

जाण्याआधी एवढं सांगा, मामांना लिंक पाठवलीत का?

खारा वारा | मंगळ, १६/०१/२०२४ – २१:३५

पाठवली. दोन तासांनी उत्तर आलं: "वाचलं. पाणाड्याचं लिहिलंस, पण आपल्या वाडीतली बोअर १८० फुटांवर कोरडी गेली तेव्हा तू म्हणाला होतास आणखी पन्नास फूट जाऊ. मी पैसे वाचवले आणि थांबलो. शेजारच्या जोश्याला २१० ला लागलं. ते नाही लिहिलंस."

मी लिहिलं, मामा, तो पी५० होता. आता तो विचारतोय पी५० म्हणजे काय. जुई, तुमचा नंबर देऊ का त्याला?